हट्टी तेरेझाचा धीर

मदर तेरेसांचं नाव ठाऊक नाही अशी बाई आपल्याकडे शोधून सापडायची नाही. पण हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. धर्मभगिनी होताना त्यांनी हे नाव घेतलं, ते फ्रान्समधल्या एका मुलीचं. ही मुलगी अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली. तिनं ना शाळा काढली, ना दवाखाना. पंधराव्या वर्षी मठात शिरली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. तरीही हातात क्रूस आणि गुलाबाची फुलं घेतलेली तिची मूर्ती जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये दिसते. आपल्याकडेही दिसते. तिचं नाव तेरेझा मार्टिन, म्हणजेच लिझ्यू गावची संत तेरेझा.

मग हिनं केलं तरी काय? तर ती धीर धरायला शिकली. ऐकायला अगदी साधं वाटतं ना? पण मैत्रिणींनो, तिचं चरित्र वाचताना मला सगळ्यात आधी काय भावलं असेल तर हे, की ती मुळात अजिबात सोशिक नव्हती. चांगली हट्टी होती.

२ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ या गावी तिचा जन्म झाला. वडील लुई घड्याळजी. आई झेली लेस विणण्यात निष्णात. आलाँसाँची लेस तेव्हा प्रसिद्ध होती. झेलीबाई गावातल्या बायकांना घरी काम द्यायच्या आणि त्यांनी विणलेले तुकडे स्वतः जोडायच्या. हा धंदा इतका चांगला चालला की वडिलांनी आपलं घड्याळांचं दुकान विकलं आणि ते बायकोच्या कामाला हातभार लावू लागले. तेही दीडशे वर्षांपूर्वी! नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली, पाच मुली राहिल्या. तेरेझा शेंडेफळ. जन्मतःच इतकी अशक्त की साधारण वर्षभर तिला खेड्यातल्या एका दाईकडे दुधासाठी ठेवावं लागलं.

आईनं नातेवाइकांना लिहिलेल्या पत्रांत या धाकटीच्या हट्टाची वर्णनं आहेत. एकदा नाही म्हणाली की नाहीच. दिवसभर तळघरात कोंडलं तरी ती हो म्हणणार नाही, असं खुद्द आईचं मत. पण हट्टाला आवर घालायला आई फार दिवस राहिली नाही. स्तनाच्या कर्करोगानं झेलीबाई १८७७ च्या ऑगस्टमध्ये गेल्या, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. तेरेझा साडेचार वर्षांची होती. त्यानंतर वडील पाचही मुलींना घेऊन मामाच्या गावी, लिझ्यूला राहायला आले.

आई गेली आणि हसरी, दंगेखोर पोर एकदम रडवी झाली. जराशा शब्दानं डोळ्यांत पाणी, आणि मग आपण रडलो म्हणून पुन्हा रडू. दुसऱ्या नंबरच्या बहिणीला, पोलीनला, तिनं आई मानलं होतं. तीही १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली. पुढच्या वर्षी तेरेझा इतकी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली. त्यातून उठली, पण रडणं काही सुटलं नाही.

ते सुटलं १८८६ च्या नाताळच्या रात्री. तिकडे मुलं चुलाण्यापाशी बूट ठेवतात आणि त्यात खाऊ, भेटवस्तू घातलेल्या असतात. तेरेझा चौदाची व्हायला आली होती, तरी घरी हा लाड चालू होता. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून सगळे घरी आले. वडील थकले होते. बूट पाहून ते जरा वैतागून बोलून गेले की, बरं झालं, हे यंदाचं शेवटचंच. जिना चढताना तेरेझानं ते ऐकलं. आता ही रडणार, सणाचा विचका होणार हे बहीण सेलीनला कळून चुकलं, म्हणून तिनं लगेच खाली जाऊ नको असं सुचवलं. पण तेरेझानं डोळ्यांतलं पाणी परतवलं, धडधडत्या छातीनं खाली गेली आणि हसत हसत एकेक वस्तू बाहेर काढू लागली. वडीलही हसायला लागले. बाहेरून पाहिलं तर घडलं काय? काहीच नाही. पण दहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते देवानं त्या एका क्षणात करून दिलं, असं ती पुढे मानत राहिली.

आता तिला मठात जायचं होतं, आणि तेही पंधराव्या वर्षी. हट्टी स्वभाव इथं कामाला आला! मठाचे वरिष्ठ धर्मगुरू एकवीस वर्षांआधी नको म्हणाले. मग वडिलांना घेऊन ती बिशपांकडे गेली. मोठी दिसावी म्हणून पहिल्यांदाच केस वर बांधून गेली होती. तिथंही पक्कं उत्तर मिळालं नाही. त्याच नोव्हेंबरात, १८८७ साली, यात्रेकरूंबरोबर ती रोमला गेली. पोप लिओ तेरावे यांच्यासमोर कुणी बोलायचं नाही अशी ताकीद होती. ती बोललीच. पोपनी वरिष्ठ ठरवतील तसं करायला सांगितलं, तरी ही पायांपाशीच बसून. शेवटी पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाजूला केलं.

वर्ष संपता संपता बिशपांची परवानगी आली. पण मठाच्या मदरनी आणखी तीन महिने थांबवलं, कारण कडक उपवासकाळ संपल्यावरच तिला घ्यायचं ठरलं. दार उघडं आहे आणि आत जाता येत नाही! त्या तीन महिन्यांत आधी तिला वाटलं, चला, आता जरा आरामात राहू. मग तिनं वेगळंच ठरवलं. ओठावर आलेलं उलट उत्तर गिळायचं. कुणाला कळू न देता घरातलं एखादं काम उरकून टाकायचं. खुर्चीत बसलं तरी पाठ टेकायची नाही. मोठाले उपवास नाहीत की अंगाला क्लेश नाहीत. वाट पाहण्याचे दिवस तिनं असे वापरले. ९ एप्रिल १८८८ रोजी ती कार्मेल मठात दाखल झाली.

कार्मेल हा ध्यान-प्रार्थनेला वाहिलेला संप्रदाय. स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसानं सोळाव्या शतकात त्याला नवं वळण दिलं. बाहेर जायचं नाही, दिवसाचा बराच वेळ मौन, आणि सामूहिक प्रार्थनांखेरीज रोज दोन तास नुसतं देवासमोर बसायचं. ध्यान म्हटलं की आपल्याला वाटतं, डोळे मिटले की लागलीच शांती. तेरेझाचा अनुभव उलटा होता. तिला कित्येकदा काहीच वाटायचं नाही. मन कोरडं ठक्क. आणि झोप! सात वर्षं ती प्रार्थनेच्या वेळी पेंगत होती, हे तिनं स्वतः लिहून ठेवलंय. पण त्याचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच प्रिय असतं, असा तिचा हिशोब. मला वाटतं, तिच्या धीराची पहिली पायरी हीच. ती आधी स्वतःशी धीरानं वागली.

दुसरी पायरी मात्र फार अवघड, ती म्हणजे माणसं. पंचवीसेक बायका, एकच छप्पर, रोज तेच चेहरे, जन्मभर. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला याहून जास्त सांगायला नको. शिवाय तिच्या दोन सख्ख्या बहिणी आधीच तिथं होत्या, तिसरी नंतर आली, म्हणजे कुजबुजीला आयतंच निमित्त.

संध्याकाळच्या ध्यानाच्या वेळी तिच्या मागे एक सिस्टर बसायची. तिला एक विचित्र सवय होती. दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा बारीक आवाज ती सतत करायची. बाकी कुणाला तो ऐकूही येत नसावा. तेरेझाचे कान मात्र तिखट. मागे वळून नुसतं एकदा बघावं, इतकंच तिला वाटायचं. पण तेवढंही करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. अक्षरशः घाम फुटायचा. आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही म्हटलं की तो जास्तच कानात शिरायचा. शेवटी तिनं दुसराच मार्ग काढला. तो आवाज नीट कान देऊन ऐकायचा, जणू गाण्याची मैफलच आहे, आणि ती मैफल येशूला अर्पण करायची. त्या दिवसाची प्रार्थना तीच.

हे मला फार मोलाचं वाटतं. ध्यानात अडथळा आला म्हणून ध्यान मोडलं असं तिनं मानलं नाही. अडथळाच हातात घेऊन तिनं तो देवापुढे ठेवला.

धुण्याच्या जागी असंच. समोरची सिस्टर रुमाल आपटताना मळकं पाणी दर वेळी हिच्या तोंडावर उडवायची. मागं सरकून तोंड पुसावं, म्हणजे तिला समजेल, हा पहिला विचार. आपणही हेच करतो. बोलायचं नाही, पण कळेल असं वागायचं! तेरेझानं तेही टाळलं आणि पुढच्या वेळेपासून ते शिंतोडे जणू हवेच आहेत असं मानून तिथं उभी राहू लागली.

मठात सिस्टर सेंट पिएर नावाच्या एक म्हाताऱ्या, दुखण्यानं पिचलेल्या धर्मभगिनी होत्या. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना ध्यानातून उठून त्यांना जेवणघरापर्यंत न्यावं लागे. हे काम तेरेझानं मागून घेतलं. त्याचा एक ठरलेला विधीच होता. बाक अमुक पद्धतीनं हलवायचा, टोपली घ्यायची, मागून कमरपट्ट्याला धरून चालायचं. हळू चाललं तर हात सुटला, आता मी पडणार. भरभर चाललं तर ही पोर मला पाडणार. मुळात एवढ्या लहान मुलीला हे काम दिलंच कशाला! जेवणघरात पोचल्यावर त्यांच्या बाह्या त्यांना हव्या तशाच दुमडायच्या. त्यांच्या वाकड्या झालेल्या हातांना पाव कापायला जड जातो हे तेरेझाच्या लक्षात आलं, तेव्हा तीच कापून द्यायला लागली. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. आणि निघताना एक छानसं हसू. म्हातारीचं मन जिंकलं ते पाव कापण्यानं आणि त्या हसण्यानं.

अशाच एका थंडीच्या संध्याकाळी दुरून वाद्यांचे सूर आले. तिच्या डोळ्यांपुढे एक झगमगता दिवाणखाना उभा राहिला. नटलेल्या मुली, गोड गप्पा. इथं मात्र अंधुक उजेडातल्या विटांच्या भिंती आणि हाताला कण्हणारी म्हातारी. त्या क्षणी ही जागा सोडून तिकडे जावंसं तिला वाटलं नाही, उलट आत आनंद भरून आला, असं ती लिहिते. इतक्या तरुण वयात! आपण विश्वास ठेवावा की नाही असा प्रश्न पडतो. पण हीच मुलगी दुसरीकडे प्रांजळपणे कबूल करते की कधी कधी धीर सुटायच्या बेतात असायचा. एकदा किल्ल्या परत करण्यावरून एका सिस्टरशी खटका उडाला. आजारी मदरची झोप मोडली आणि दोष हिच्या माथी आला. आपली बाजू मांडायला तोंड उघडलं असतं तर मनाची शांती गेली असती हे तिनं ओळखलं आणि सरळ तिथून पळ काढला. जिन्यापर्यंत गेली आणि मटकन खालीच बसली, छाती इतकी धडधडत होती. पळून जाणं हाही तिच्या धीराचाच एक प्रकार, आणि त्याची तिला लाज नव्हती.

या सगळ्या दिवसांत घरची आघाडीही शांत नव्हती. वडिलांचं मन ढळलं होतं. ते घरातून नाहीसे होत. १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांना कां शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावं लागलं, तीन वर्षं. लाडक्या लेकी एकामागून एक मठात गेल्या म्हणून बापाचं असं झालं, असं गाव बोलत होतं. तेरेझाला भिंतीआड राहून हे ऐकावं लागलं. भेटायला जाण्याची सोय नव्हती. १८९४ मध्ये ते गेले.

इथं मला एक थांबून सांगावंसं वाटतं. कौटुंबिक तंट्यांच्या कामात बसताना मी पाहते, की धीर हा शब्द बाईच्या तोंडावर कसा फेकला जातो. नवरा मारतो? धीर धर. सासू उपाशी ठेवते? धीर धर. तेरेझाचं उदाहरण कुणी यासाठी वापरलं तर ते साफ चूक आहे. तिनं हे जगणं स्वतः निवडलं होतं, तेही मोठ्यांशी वाद घालून. आणि जिथं बोलणं भाग होतं तिथं ती बोलली. तिच्यासोबतची एक तरुण धर्मभगिनी मदरच्या नको इतकी आहारी गेली होती. तेरेझानं तिला एकीकडे बसवून हे स्पष्ट सांगितलं. ही गोष्ट मदरच्या कानावर गेली तर आपली रवानगी दुसऱ्या मठात होईल हे माहीत असूनही सांगितलं. शिंतोडे सोसणं वेगळं आणि मारहाण सोसणं वेगळं. त्यासाठी आपल्याकडे २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि त्याची दारं ठोठावायला बाईनं मुळीच कचरू नये.

खरं सांगायचं तर तेरेझाचंही सगळंच मला पटत नाही. मठात एकच खोली शेकोटीनं ऊबदार असायची. नॉर्मंडीच्या थंडीनं ती रात्र रात्र कुडकुडली, पण ते तिनं सांगितलं शेवटच्या आजारात. ही तक्रार करत नाही म्हणून उरलंसुरलं तिच्याच पानात वाढलं जायचं, हे सोबतच्या सिस्टरांनीच पुढे सांगितलंय. अशक्त छातीच्या मुलीनं थंडी वाजते एवढं वेळेवर सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं.

१८९६ च्या एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, दिवा मालवून ती आडवी झाली आणि तोंडात काहीतरी ऊन ऊन आलं. रक्त असावं हे जाणवलं, पण दिवा मालवलाय ना, मग सकाळी बघू म्हणून तशीच पडून राहिली. सकाळी रुमाल लाल होता. त्या दिवशीही तिनं उपास केला आणि खिडक्या पुसल्या. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. ते यायला आणखी पन्नासेक वर्षं लागायची होती.

शरीराच्या दुखण्याहून मोठं दुखणं लगेच ईस्टरमध्ये सुरू झालं. ज्या स्वर्गाच्या ओढीनं ती मठात आली तो आहे की नाही, पुढे नुसता अंधारच तर नाही, असं मनात येऊ लागलं. हे शेवटपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, टिकलं. तिनं श्रद्धेची कबुली स्वतःच्या रक्तानं लिहून छातीशी ठेवली. मला विश्वास ठेवायचा आहे, हे ती रोज नव्यानं म्हणत राहिली. वेदना असह्य झाल्या तेव्हा तिनं बहिणीला बजावलं की अशा रोग्याच्या हाताशी विषारी औषधं ठेवू नयेत. संतांच्या चरित्रात अशी वाक्यं सहसा गाळली जातात. तिच्या बहिणीनं ती टिपून ठेवली, हे फार चांगलं केलं.

तिच्याबद्दल एवढं आपल्याला कळतं ते तिनं लिहिलं म्हणून. पोलीन तेव्हा मठाची मदर होती. तिच्या सांगण्यावरून १८९५ मध्ये तेरेझानं रात्रीच्या फावल्या वेळात लहानपणच्या आठवणी लिहिल्या आणि जानेवारी १८९६ मध्ये वही तिच्या हाती दिली. पोलीननं ती बाजूला ठेवली, लगेच उघडलीही नाही. तेरेझानं एकदाही विचारलं नाही की वाचलीस का, कशी वाटली. (मी असते तर दुसऱ्या दिवशी विचारलं असतं!) शेवटचा भाग १८९७ च्या जूनमध्ये लिहिला, बागेत, वडिलांच्या जुन्या चाकाच्या खुर्चीत बसून. अंगात ताप. दोन ओळी होतात न होतात तोच गवत उचलायला आलेली एखादी सिस्टर गप्पा मारायला थांबायची. ती गेली की दुसरी, फुलं घेऊन. विषय होता शेजाऱ्यावरच्या प्रेमाचा आणि तो लिहू न देणारे शेजारी समोरच. तिनं याचीही वहीत गमतीनं नोंद केली आणि प्रत्येकीसाठी हसून वही मिटली. शेवटची पानं शाईनं लिहिण्याइतकी शक्ती नव्हती, म्हणून पेन्सिलीनं लिहिली आहेत.

३० सप्टेंबर १८९७ च्या संध्याकाळी ती गेली. वर्षभरानं तिच्या वह्यांचं पुस्तक निघालं, दोन हजार प्रतींचं. पुढे ते पन्नासहून अधिक भाषांत गेलं. १९२५ मध्ये पोपनी तिला संत घोषित केलं. १९२७ मध्ये, ज्यांचं शव गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीनं, मठाबाहेर न पडलेली ही मुलगी धर्मप्रसारकांची आश्रयदाती संत झाली. १९९७ मध्ये तिला चर्चची आचार्य ही पदवी मिळाली. तोवर हा मान फक्त दोन स्त्रियांना मिळाला होता. तिच्या आईवडिलांनाही २०१५ मध्ये संतपद मिळालं.

पाच बहिणींतली मधली, लेओनी, हिचं नाव फारसं कुणी घेत नाही. अभ्यासात मागे, स्वभावानं कठीण, घरात सगळ्यांना जिची काळजी ती ही. मठात जायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा परत आली. धाकटी मात्र मरेपर्यंत म्हणत होती की लेओनीला जमेल. तेरेझाचं पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांनी, १८९९ च्या जानेवारीत, पस्तीस वर्षांची लेओनी कां शहरातल्या मठात चौथ्यांदा गेली. या वेळी ती टिकली, १९४१ मध्ये डोळे मिटेपर्यंत.